पितृपंधरवड्यातला बिंदू

श्रीयंत्र मी आता करत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमची खेप फुकट गेल्याचा राग माझ्यावर नको. तांबट लेनमध्ये अजून कुणी ना कुणी विचारत येतं. 'निवृत्तीअण्णा, एवढं एक करून द्या, तुमच्यासारखा हात नाशकात उरला नाही.' हात आहे हो. हाताला काय धाड भरलीय? घागर घ्या, बंब घ्या, देवाचं ताम्हन घ्या, आत्ता ठोकून देतो. यंत्र नाही.

आणि त्र्यंबकला दुकानांतून टांगलेला असतो तो छापाचा पत्रा, त्याला माझ्यासमोर यंत्र म्हणू नका. माझं डोकं फिरतं. साच्यात दाबला की एका दिवसात शंभर निघतात, आणि एकातसुद्धा रेघ रेघेला भेटत नाही. लोक त्यालाही हळदकुंकू वाहतात. वाहोत बापडे.

खऱ्या यंत्राचं काम कसं असतं ते सांगतो. नऊ मोठे त्रिकोण. चार वर तोंड केलेले, ते शिवाचे. पाच खाली तोंड केलेले, ते देवीचे. ते एकमेकांत असे गुंतवायचे की आत बरोबर त्रेचाळीस लहान त्रिकोण झाले पाहिजेत. जिथे तीन रेघा एका जागी भेटतात, त्या जागेला मर्म म्हणतात. माझे वडील सांगायचे, माणसाच्या मर्मावर घाव बसला तर माणूस जातो, आणि यंत्राचं मर्म उघडं राहिलं तर यंत्र जातं. एक मर्म केसभर सरकलं की दुसरं सरकतं, मग तिसरं. दोन-अडीच महिने मान मोडून बसावं तेव्हा एक पत्रा होतो. त्रिकोणांच्या बाहेर कमळाच्या पाकळ्या, आधी आठ, मग सोळा, आणि सगळ्यांत बाहेर चार दारांचा चौकोन. तो चौकोन म्हणजे आपला संसार. घरदार, आडनाव, भाऊबंदकी, सगळं त्यात आलं. पूजा करणारा दारातून आत शिरतो आणि एकेक वेढा मागे टाकत मध्यावर पोचतो. मध्यावर बिंदू. त्याला लांबी नाही, रुंदी नाही. तिथे पोचलेल्याला आपण वेगळे आणि देवी वेगळी असं काही राहत नाही म्हणतात. चाळीस वर्षं रेघा मारून मला त्यातलं अर्धंच समजलंय.

बिंदू सगळ्यांत शेवटी मारायचा. हातोडीचा एकच ठोका. आमच्या घराण्यात त्याचे दोन नियम होते. ठोका मारताना मनात नाव फक्त एक हवं, ज्या घरी यंत्र जाणार त्या घरच्या बाईचं. दुसरं कुणाचं नाव आलं तर ते माणूस त्या घरात जाऊन बसतं. आणि पितृपंधरवड्यात बिंदू मारायचा नाही. त्या पंधरा दिवसांत आपली गेलेली माणसं दारात उभी असतात, त्यांचं नाव मनात यायला कितीसा वेळ लागतो?

मी दोन्ही नियम एका दुपारी मोडले.

एकोणऐंशी साल. सिंहस्थ जवळ आला होता आणि यंत्रांना मागणी होती. पंचवटीत राहणारे जयराम मास्तर आले. शाळेत भूमिती शिकवायचे. सज्जन माणूस, पण खिशात भिंग घेऊन फिरणारा. यंत्र हवं होतं त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना. घटस्थापनेला देवीजवळ मांडायचं, असं त्यांनी बोलून ठेवलं होतं. मास्तरांना देवीपेक्षा त्रिकोणांत जास्त रस. दर रविवारी यायचे, भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, "अण्णा, हे तुम्हाला सूत्राशिवाय जमतं कसं?" मला गुदगुल्या व्हायच्या. माणसाला आपलं कौतुक किती महाग पडतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

काम लांबलं. पंधरवडा सुरू झाला तरी बिंदू राहिला होता. मास्तरांना सांगायचं, घटस्थापना चुकेल, पुढच्या मुहूर्ताला घ्या. पण नाही. निवृत्ती तांबटानं शब्द दिला होता ना! म्हटलं, वडील गेले, त्यांचे नियमही म्हातारे झाले. नवमीच्या दुपारी पत्रा घेऊन बसलो.

बसण्याआधी पाणी प्यायला आत गेलो. माझी बायको शकुबाई, घरात आम्ही शकू म्हणतो, तिनं खिडकीच्या फळीवर एका पानात चिंचेचं बुटुक आणि गुळाचा खडा ठेवला होता. मला बघितल्यावर पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. विचारायची गरजच नव्हती. आमच्यात लेकराचं पान वाढत नाहीत. मोठ्यांची पानं वाढतात, नाव घेऊन वाढतात, कावळ्याला हाका मारतात. नऊ वर्षांच्या पोरीला कोण हाक मारणार? म्हणून ती चोरून ठेवत होती. तांबं घासायला आणलेली चिंच आमची नवसा दिवसभर चघळत हिंडायची.

नवसा आमची एकुलती एक. लग्नानंतर अकरा वर्षांनी, सप्तशृंगीला नवस बोलून झालेली, म्हणून नवसाबाई. पंचाहत्तर साली विषमज्वरानं गेली. चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत शकू माझ्याशी कामापुरतं बोलायची. 'जेवायला वाढलंय.' 'दूधवाला आलाय.' तेवढंच.

मी कारखान्यात येऊन बसलो. कारखाना म्हणजे रस्त्याकडची पुढची खोली, दुसरं काय. खिळा बिंदूच्या जागी धरला. मनात म्हटलं, सुमनबाई. हातोडी उचलली. सुमनबाई, सुमनबाई. आणि हातोडी खाली येता येता, का कोण जाणे, ती चिंच डोळ्यांपुढे आली. ठोका पडला तेव्हा माझ्या मनात सुमनबाई नव्हती. नवसा होती.

पत्रा तसाच हातात धरून किती वेळ बसलो कुणास ठाऊक. तेव्हाच तो गाळायला टाकायला हवा होता. टाकला नाही. अडीच महिन्यांचं काम, मास्तरांचं भिंग, माझी ऐट. म्हटलं, कुणाला कळणार आहे? माझ्या मनात कोण शिरून बघणार? पत्रा चिंचेनं लख्ख घासला, लाल फडक्यात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पंचवटीत नेऊन दिला. मास्तरांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "निर्दोष."

कोजागरीच्या दुपारी सुमनबाई दुकानाच्या दारात उभ्या. बरोबर त्यांची मुलगी विमल. आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या, गालावर खळी. चेहरा नवसाचा नव्हे, हे लक्षात ठेवा. चेहऱ्यात तिळाइतकं साम्य नव्हतं.

सुमनबाई म्हणाल्या, "अण्णा, एक विचारायचं होतं. यंत्र मांडल्यापासून ही दुपारी देवघरापुढे बसते आणि खडूनं फरशीवर हेच काढत राहते. मास्तर म्हणतात, सगळ्या रेघा जुळतात. हिला साधं वर्तुळ येत नव्हतं हो. आणि डाव्या हातानं काढते. ही उजवी आहे."

नवसा डावरी होती. त्यावरून मी तिला लय बोलायचो.

"पोरं करतात असं," मी म्हटलं. "बघून बघून येतं. आत तर या, बाहेर का उभ्या?"

सुमनबाई आत आल्या. विमल आली नाही. तिनं उंबऱ्यावर पाय उचलला, तसाच अधांतरी धरला आणि मागे घेतला. आईनं हात ओढला तरी येईना. माझ्याकडे बघत होती. पोर ओशाळून बघतं तसं. ती आत का येत नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. पण ते सांगायची हिंमत तेव्हा नव्हती. आत्ताही थोडं थांबा, सांगतो.

तेवढ्यात शकू चहा घेऊन बाहेर आली. विमलनं तिच्याकडे बघितलं आणि अगदी सहज, रोजच्यासारखं म्हणाली, "आई, चिंच दे ना."

बशी शकूच्या हातातून पडली. सुमनबाई कसनुसं हसून म्हणाल्या, "बघा ना, कुणालाही आई म्हणते हल्ली." शकू हसली नाही. काचा तशाच टाकून ती उंबऱ्यापाशी गेली आणि त्या पोरीसमोर उकिडवी बसून तिच्याकडे बघत राहिली. मग आत जाऊन चिंच घेऊन आली.

दुसऱ्या दिवशीपासून शकू दुपारी घरातून जायला लागली. डब्यात काहीतरी घ्यायची, होळकर पूल ओलांडायची, दिवेलागणीला परतायची. सुमनबाईंना सांगितलं होतं, पोरीचा लळा लागलाय. त्या भोळ्या बाईला बरंच वाटलं असणार. इकडे माझ्या घरात चार वर्षांनी गाणं गुणगुणल्याचा आवाज आला. शकूनं केसांना तेल लावलं. आमटीत मीठ बरोबर पडायला लागलं. एक दिवस जेवताना आपणहून म्हणाली, "आज नुसती हसत होती." कोण, ते म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगतो, मला आनंद झाला. दुसऱ्याच्या पोरीचं काय होतंय याचा विचार मनात येत होता, पण मी कानाडोळा केला.

आणि मला दुपारी आवाज यायला लागले. उन्हं कलण्याआधी लेनमधली ठोकाठोक जेवणासाठी थांबते, तेव्हा उंबऱ्याबाहेर पत्र्यावर कंपास फिरल्यासारखी बारीक कर्रर ऐकू यायची. उठून बघावं तर कुणी नाही. बसलो की परत. आत काही येत नव्हतं. बाहेरच थांबायचं.

दिवाळी झाल्यावर जयराम मास्तर आले. भिंग आणलं नव्हतं. विमलची वही आणली होती. वहीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नवसा निवृत्ती तांबट'.

"हे कोण, अण्णा?" मास्तरांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. "विमल म्हणून हाक मारली तर ती बघत नाही. मला बाबा म्हणत नाही. पंधरा दिवस झाले, धड जेवत नाही, फ्रॉक अंगावरून घसरतो. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही. परवा तिनं मला विचारलं, 'मास्तर, मी इथं किती दिवस राहायचं?' माझी मुलगी मला मास्तर म्हणते, अण्णा. मी भूमिती शिकवणारा माणूस आहे. मला यातलं काही पटत नाही. पण माझी मुलगी चाललीय हे दिसतंय."

मी सगळं सांगितलं. पंधरवडा, चिंच, ठोका. सांगताना माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. वाटलं, आता हे कानफटात मारतील. मारली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी दिलंत."

"हो, मास्तर."

मग त्यांनी विचारलं, "गंगेत सोडून देऊ का तो पत्रा?" आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. मी म्हटलं, "नको. नाव पत्र्यातच राहील आणि पाण्यात बसेल. त्या नावाला तुमची विमल बांधली गेलीय. तिचं काय होईल ते सांगता येत नाही."

उपाय होता. वडिलांनी एकदाच सांगितला होता, तोही दबक्या आवाजात. पत्रा राळेवर पालथा चिकटवायचा आणि मागून ठोका मारून बिंदू उलटा काढायचा, सपाट करायचा. ज्यानं मारला त्यानंच काढायचा. काढताना आत बसलेल्याचं नाव घेऊन त्याला जा म्हणायचं. मग ते माणूस जातं, आणि परत कुठेच येत नाही. स्वप्नातसुद्धा नाही, असं वडील म्हणाले होते.

शकूला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही.

"हात लावून बघा त्या पत्र्याला," ती म्हणाली.

"शकू, ती पोर मरेल."

"माझी मेली तेव्हा कोण आलं होतं?"

"त्यांची काय चूक?"

"सुमनबाई तरण्या आहेत. त्यांना दुसरं होईल." असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. माझी शकू, जी मांजराच्या पिलासाठी दूध राखून ठेवायची, ती हे बोलली. मला तिचा राग आला नाही. भीती वाटली. कारण माझ्याही मनात, खोल कुठेतरी, तेच होतं.

महिनाभर मी टाळलं. काहीबाही कारणं सांगितली. राळ चांगली मिळत नाही, अमावस्या जवळ आलीय. मार्गशीर्षात मास्तरांचा निरोप आला. विमल अंथरुणाला लागली होती. त्यात एकच ओळ होती, 'आज आला नाहीत तर उद्या येऊ नका.'

हातोडी, खिळा, राळेचा पाट घेतला आणि दुपारी निघालो. पोचलो तर शकू तिथे आधीच होती. देवघरासमोर बसलेली, मांडीवर विमल. तिच्या हाडांवर नुसती कातडी राहिली होती. शकू तिची वेणी घालत होती. सुमनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीजवळ जायला बिचकत होत्या. पोर मला बघून म्हणाली, "आलात अण्णा?" आणि शकूच्या पदराआड झाली.

मी स्टोव्हवर राळ वितळवायला ठेवली. पोरीनं पदरातून डोकं काढून सांगितलं, "अण्णा, राळ जास्त तापली. पत्रा काळा पडेल." खरंच जास्त तापली होती. मास्तरांनी भिंतीला हात टेकला.

सुमनबाई दारातूनच म्हणाल्या, "शकूताई, एक कराल? तिला तिळाची वडी फार आवडायची. मी केलीय. मी दिली तर बघतसुद्धा नाही. तुम्ही विचारा ना."

शकूनं विचारलं, "तिळाची वडी खायचीस?"

पोर म्हणाली, "मला तीळ चालत नाही ना? अंगावर पित्त उठतं. आई, विसरलीस?"

ते नवसाचं होतं. वडीची बशी छातीशी धरून सुमनबाई दारातच घसरत घसरत खाली बसल्या. शकू त्यांच्याकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मी अशीच बसले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात. हातात तिचा डबा होता."

तिनं पोरीला मांडीवरून उतरवलं. फणी सुमनबाईंपुढे धरली. "वेणी अर्धी राहिलीय. तुम्ही पुरी करा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "करा काय करायचंय ते."

पत्रा राळेवर पालथा बसवला. मागच्या बाजूला बिंदूचा बारीक उंचवटा बोटाला लागत होता. खिळा त्यावर टेकवला, हातोडी उचलली. नवसा म्हणालो. पुढचा शब्द निघेना. परत म्हणालो, नवसा. पोर माझ्याकडे बघत होती, सुमनबाई तिची वेणी धरून बसल्या होत्या, मास्तर डोळे मिटून उभे. मला तो एवढासा शब्द म्हणता येईना.

"म्हणा ना," शकू म्हणाली. "पहिल्यांदा म्हणालात तेव्हा कुठे जड गेलं होतं?"

मी तिच्याकडे बघितलं.

"मी मोरीत भांडी घासत होते. सगळं ऐकलं मी. चार वर्षं वाट बघतेय तुम्ही सांगाल म्हणून."

आता सांगतो. पंचाहत्तर सालची गोष्ट. मी एक यंत्र पुरं केलं होतं, फक्त बिंदू राहिला होता. बाहेर जाऊन आलो तर नवसा पत्र्यावर वाकलेली, डाव्या हातात माझी छन्नी, आणि पुऱ्या झालेल्या कामावर एक नवी रेघ. तळपायाची आग मस्तकात गेली. अशी थोबाडीत दिली की ती भिंतीवर आपटली. म्हणालो, "जा! चालती हो! परत या कारखान्यात पाऊल ठेवलंस तर बघ." ती गेली. त्यानंतर कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत आली नाही, मागच्या बोळातून ये-जा करायची. मीही बोलावलं नाही. राग धरून बसलो होतो, बापाचा राग! आठव्या दिवशी ताप भरला, दवाखान्यात नेलं, तिथून ती आलीच नाही. तेराव्यानंतर तो पत्रा मोडीत काढायला घेतला आणि सहज कंपास लावून बघितला. माझं एक मर्म उघडं राहिलं होतं. केसभर. तिनं ते मिटवलं होतं. तिची रेघ बरोबर होती. हे मी कुणाला, शकूलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी देवघरापुढे सगळं बोललो. सगळ्यांसमोर. रडत रडतच बोललो, लाज कसली धरायची आता? ते ऐकताना शकूनं तोंडात पदर कोंबला होता. रेघेचं तिला माहीत नव्हतं.

पोर सरकत सरकत माझ्याजवळ आली. सुमनबाईंच्या हातातली वेणी सुटली. पाटापाशी बसून तिनं विचारलं, "अण्णा, रागावलात?"

"नाही गं माझे बाई," मी म्हटलं. "चुकलं माझं. तुझी रेघ बरोबर होती. माझ्यापेक्षा बरोबर होती."

तिला बरं वाटलं असावं. चेहरा विमलचा होता, तरी मला दिसलं. तिनं पाटाच्या कडेवर हात ठेवला, पत्रा हलू नये म्हणून मी काम करताना ती धरायची तसा. मी खिळा टेकवला.

"नवसा," मी म्हटलं, "जा."

आणि ठोका मारला.

पाटावरचा हात गळून पडला. विमल दचकली, आमच्याकडे बघून घाबरली आणि 'आई' म्हणून किंचाळत सुमनबाईंकडे धावली. सुमनबाईंनी तिला इतकं घट्ट धरलं की ती गुदमरून रडायला लागली. जयराम मास्तर जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. माझा जीव भांड्यात पडला म्हणावं, तर तेही खरं नाही. पोर वाचली. एवढंच मी स्वतःला सांगत होतो. पोर वाचली.

पत्रा राळेवरून काढून मास्तरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "यात आता पुन्हा बिंदू मारता येईल का?" मी म्हटलं, "माझ्या हातून नाही." हत्यारं गोळा केली. निघताना शकू विमलकडे वळली. तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. दुरूनच बघितलं. विमल आईच्या कुशीत तोंड खुपसून होती, तिला ही बाई कोण ते ठाऊक नव्हतं.

आम्ही पुलावर आलो. ऊन उतरलं होतं. खाली धुणी आपटण्याचा आवाज येत होता. अर्ध्या पुलावर शकू थांबली.

"अहो," ती म्हणाली. कित्येक वर्षांनी मला तिनं अशी हाक मारली. "तिला कळलं का हो, तुम्ही रागावला नाहीत ते?"

"कळलं," मी म्हटलं. "नक्की कळलं."

"मग थोडा वेळ थांबली का नाही? एवढं चांगलं बोललात तुम्ही. थोडी बसली असती तर काय बिघडलं असतं?"

माझ्याशिवाय तिला उत्तर देणारं दुसरं होतं तरी कोण?

"मी जा म्हणालो ना, शकू," मी म्हटलं. "तिनं माझा शब्द कधी मोडला होता?"

शकू तिथेच कठड्याला टेकून खाली बसली. हातोडी, राळेचा पाट बाजूला ठेवून मीही बसलो. माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.